सांडलवंड

सन १९९५ मधील एका रविवारची ही गोष्ट. मिस्सा आटोपून घरी परतताना आम्ही सहकुटुंब स्टेशनाजवळच्या एका उडुपी हॉटेलात शिरलो. बरोबर सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा होता. हॉटेलात गर्दी इतकी, की बसलेल्यांच्या पाठीशी पुढची गिऱ्हाइके जागेसाठी उभी होती. आम्हांला मिळालेल्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक प्रौढ गृहस्थ वर्तमानपत्राची घडी करून चहा घेत बसले होते. इडली-सांबार आले, आणि आमचे लक्ष क्षणभर दुसरीकडे गेले न गेले तोच चिरंजीवांनी सांबाराची वाटी उपडी केली. सांबाराचा ओघळ टेबलावरून वाहत गेला आणि त्या गृहस्थांच्या पांढऱ्या विजारीवर उतरला.

पुढे जे व्हायचे तेच झाले. "मुलं सांभाळता येत नसतील तर माणसांनी घरी जेवावं," असे ते गृहस्थ सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम क्षमा मागितली, परंतु ते थांबेनात तेव्हा त्याही म्हणाल्या, "मुलं आहेत, सांडणारच. तुम्ही काय जन्मतःच मोठे झालात?" आम्ही मध्ये पडलो. दोन्ही बाजूंचा आवाज चढत गेला. आसपासच्या टेबलांवर दोन पक्ष पडले. कोणी मुलांची बाजू घेतली, कोणी विजारीची.

ही चकमक चालू असताना दहा-बारा वर्षांचा एक पोऱ्या हातात ओला फडका घेऊन आला. त्याने टेबल पुसले, खाली बसून फरशी पुसली, इडलीचे तुकडे गोळा केले, उष्ट्या बश्या उचलल्या आणि तो निघून गेला. भांडणाऱ्यांपैकी एकानेही त्याच्याकडे पाहिले नाही. पाहिले ते फक्त आमच्या मुलीने. ती हळूच म्हणाली, "पप्पा, सांडलं तर आपल्या बाळाने. मग तो का पुसतो?"

आमच्या घरी एक नियम होता. ज्याने सांडले त्याने पुसायचे. मुलीला दुधाचा पेला लवंडल्यावर फडका आणायला कित्येकदा पाठवलेले होते. तेव्हा तिचा प्रश्न तिच्या दृष्टीने अगदी सरळ होता. आम्ही तितक्याच सरळपणे उत्तर दिले, "त्याचं कामच आहे ते." मुलीचे समाधान झाले, निदान तिने पुढे विचारले नाही. आमचेही समाधान झाले. त्या उत्तराकडे पुन्हा वळून पाहण्यास आम्हांला जवळजवळ तीस वर्षे लागली.

लहान मुलांना हॉटेलात न्यावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. त्यावरील वाद बहुधा दोनच पक्षांत रंगतो. एका बाजूला आईवडील, दुसऱ्या बाजूला शेजारच्या टेबलावरचा माणूस. दोघांचेही म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे, म्हणून प्रथम त्यांचा विचार करू. परंतु आमच्या मते या वादात एक तिसरा माणूस असतो, आणि खरा नैतिक प्रश्न त्याच्यापाशी सुरू होतो.

मुलाचा हॉटेलात येण्याचा अधिकार आहे काय? याचे उत्तर देण्यापूर्वी हॉटेलातील टेबल ही किती अवघड कमाई आहे, हे आठवणे बरे. सन १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रातून जाहीर केली, आणि ख्रिस्ती माणसांच्या हातचा एक पेला चहा हा पुण्यातील मोठ्या ग्रामण्याचा विषय झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्तही घेतले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानलेल्या समाजातील गृहस्थास चहाचे हॉटेल काढून दिले आणि तेथला चहा स्वतः घेतला, तेव्हा त्यामागे मोठा निर्धार होता. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा उल्लेख नावानिशी आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणासही तेथे मज्जाव करता येत नाही. राज्यघटनेसारख्या ग्रंथात उपाहारगृहास स्थान द्यावे लागले, यावरूनच तेथील बाकावर शेजारी शेजारी बसणे ही साधी बाब नव्हती हे ध्यानी येते.

अशा टेबलाशी मुलाने बसावे, हे आम्हांला इष्ट वाटते. आपल्या घरात सर्व माणसे आपली असतात. शाळेत बहुतांशी आपल्या वयाची असतात. अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून, त्याच्याच टेबलावरची पाण्याची बाटली वापरून, त्याच्याच बरोबर अन्न खाण्याचा प्रसंग मुलाला प्रथम येतो तो बहुधा साध्या हॉटेलात. आपल्याखेरीज जगात आणखी माणसे आहेत आणि त्यांनाही भूक लागते, हा धडा तेथे न शिकवता मिळतो.

घटनेतील त्या यादीत वयाचा उल्लेख नाही, ही गोष्टही खरी. लहान मुलांना प्रवेश नाही असे फलक लावणारी उपाहारगृहे काही देशांत निघाली आहेत. दक्षिण कोरियात अशा फलकांचे प्रस्थ वाढले, तेव्हा तेथील राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१७ मध्ये, तेरा वर्षांखालील मुलांना मज्जाव करणाऱ्या एका उपाहारगृहाचा नियम भेदभाव करणारा असल्याचे मत दिले. आपल्याकडे असे फलक क्वचितच दिसतात; परंतु फलकाचे काम नजरा करू शकतात. येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. मुलांना दाराबाहेर ठेवले की मुलांबरोबर घरी राहणारी स्त्रीही बाहेर राहते. एके काळी आपल्या हॉटेलांत बायका-मुलांसाठी पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असे. तो पडदा दूर होऊन आई आणि मूल मधल्या दालनात येऊन बसले, यास फार वर्षे झालेली नाहीत. आठवड्याचे सहा दिवस आणि सातव्याही दिवशी चूल सांभाळणाऱ्या स्त्रीला एका सकाळी आयती इडली मिळावी, या गोष्टीचे मोल आम्ही पुरुषांनी कमी लेखू नये.

आता शेजारच्या टेबलावरील माणसाकडे वळू. त्याला स्वार्थी ठरवणे सोपे आहे. आम्हीही त्या दिवशी तेच केले. परंतु ते गृहस्थ कोण होते, कोठून आले होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. कदाचित घरी आजारी माणूस असेल आणि चहाच्या त्या पंधरा मिनिटांपुरतीच त्यांना उसंत असेल. कदाचित त्याच विजारीने त्यांना पुढे एखाद्या कार्याला जायचे असेल. मुलाच्या निरागसतेचा दाखला देऊन दुसऱ्याचे नुकसान भरून निघत नाही. मूल निरागस असते, आईवडील नसतात.

म्हणून मुलाला हॉटेलात नेणाऱ्यांवर काही बंधने येतात. ती मोठी नाहीत, पण पाळावी लागतात. गर्दीची वेळ टाळावी. भुकेने कासावीस झालेल्या मुलाला घेऊन जाऊ नये. थोडे काही खायला घालून न्यावे. लवकर येणारा पदार्थ प्रथम मागवावा. इडली ताबडतोब येते, डोशाला वेळ लागतो, आणि लहान मुलाच्या सहनशक्तीचा अंत त्या दोहोंमधल्या वेळात होतो. सांबाराची वाटी मुलाच्या हाताच्या टप्प्यापासून दूर ठेवावी. मूल रडू लागले तर दोघांपैकी एकाने त्याला घेऊन बाहेर एक फेरी मारून यावे. टेबलांमधून पळू तर मुळीच देऊ नये. वेटरच्या हातात कढत चहाचे पेले असतात, आणि येथे दुसऱ्याच्या गैरसोयीहून मुलाच्या अंगाचा प्रश्न मोठा आहे. एवढे करूनही सांडायचे ते सांडतेच. मग शेजाऱ्याने थोडे सोसावे. त्याच्या लहानपणी कोणीतरी त्याचेही सोसले आहे. हा हिशोब त्याच दोन माणसांत कधी फिटत नाही; तो पिढीकडून पिढीकडे जातो.

या दोन पक्षांत तडजोड घडवून आणणारे एक साधन आता घरोघरी आले आहे. आमची ती सहा वर्षांची मुलगी आज स्वतः आई आहे. गेल्या वर्षी तिने आम्हांस एका हॉटेलात जेवायला नेले. तिचा मुलगा तीन वर्षांचा आहे. टेबलाशी बसताच तिने पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाइल उभा केला, त्यावर चित्रे सुरू झाली आणि नातू निश्चल झाला. ती मधून मधून त्याच्या तोंडात घास घालत होती. त्याने काही सांडले नाही, तो रडला नाही, कोणाकडे पाहून हसलाही नाही. शेजारच्या टेबलावरील दांपत्याने त्याच्याकडे कौतुकाने पाहिले. "किती शहाणं बाळ आहे," असेही ते म्हणाले.

आम्हांला ते शहाणपण खटकले. पण मुलीला बोल लावणे अन्यायाचे ठरेल. सकाळी लोकलने जाऊन संध्याकाळी लोकलने परतणारी ती बाई आहे. ती म्हणाली, "पप्पा, याने जरा आवाज केला की लोक कसे बघतात ते तुम्हांला ठाऊक नाही." ठाऊक नाही कसे? सांबाराच्या त्या वाटीपासून ते आम्हांला चांगलेच ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना असा पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक दाखवू नये. परंतु आमचा आक्षेप मिनिटांच्या मोजणीचा नाही. नातू त्या टेबलाशी होता, पण पंगतीत नव्हता. आपण काय खाल्ले, कोणी वाढले, समोर कोण बसले होते, यांतले काहीच त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. शेजाऱ्याची शांतता राखली गेली, आईबापांना दोन घास सुखाने खाता आले; आणि ज्या कारणासाठी मुलाला तेथे आणावे असे आम्ही वर म्हटले, तेच नेमके वगळले गेले.

मूल गिऱ्हाईक म्हणून स्वीकारले जाणे आणि माणूस म्हणून स्वीकारले जाणे यांतही अंतर आहे. १९९६ मध्ये मॅकडोनाल्डची दुकाने दिल्लीत आणि मुंबईत उघडली. त्यानंतर अशा ठिकाणी मुलांसाठी उंच खुर्च्या आल्या, खाण्याबरोबर खेळणी आली, वाढदिवसाचे फुगे आले. मुलांचे असे स्वागत त्यापूर्वी आपण पाहिले नव्हते, आणि त्यात आनंदही होताच. मात्र अशा ठिकाणी मूल जे शिकते ते मागण्याचे शास्त्र. दुसऱ्यासाठी थोडे थांबण्याचे शास्त्र ते तेथे शिकेलच असे नाही.

आता त्या तिसऱ्या माणसाकडे येऊ.

आमच्या लहानपणी बाहेर जेवणे म्हणजे लग्नाच्या मांडवातली पंगत. मुले आजीच्या मांडीला मांडी लावून बसत. सांडलवंड तेथेही होई. किंबहुना अधिकच होई. परंतु वाढणारे हात आपल्या काका-मामांचे असत, आणि पत्रावळी उचलणारी माणसेही आळीतलीच असत. आज आमच्या मांडवात तुम्ही वाढायचे, उद्या तुमच्या मांडवात आम्ही. आमच्या मुलाने सांडलेले तुम्ही पुसले तर तुमच्या मुलाने सांडलेले पुसण्याची पाळी आमच्यावर येणारच होती. या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही. कोण कोणाच्या पंगतीला बसणार, हे जन्मावरून ठरलेले असे. तो दोष हॉटेलाने दूर केला. पैसे मोजणाऱ्या कोणालाही बाकावर जागा दिली. पण त्याच वेळी पाळी नाहीशी झाली. जो पुसतो त्याची बसण्याची पाळी त्या टेबलाशी येत नाही, आणि जो बसतो त्याची पुसण्याची पाळी येत नाही. पैशाने बाक सर्वांना खुला केला, आणि त्याच पैशाने फडका एकाच्याच हातात ठेवला.

"त्याचं कामच आहे ते," या आमच्या उत्तरात हेच सर्व सामावलेले होते. ते उत्तर खोटे नव्हते. हॉटेलातील माणसाला साफसफाईचा पगार मिळतो. पगार घेऊन काम करण्यात कमीपणा नाही. परंतु सहा वर्षांच्या मुलीने विचारले होते ते वेगळेच. तिच्यासमोर तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा मुलगा होता. आपल्या भावाला सांडण्याची मुभा आहे आणि या मुलाला ती नाही, हे तिने पाहिले आणि त्याचे कारण विचारले. आम्ही 'काम' हा शब्द पुढे करून तो मुलगा मूल आहे हीच गोष्ट झाकून टाकली. आपल्या मुलांच्या बालपणासाठी तावातावाने भांडत असताना आम्ही त्याचे बालपण फरशीवर वाकलेले पाहत होतो. नव्हे, पाहतही नव्हतो.

त्या काळी कायदाही पाहत नव्हता. सन १९८६ च्या बालकामगार कायद्याने धोकादायक ठरवलेल्या ठरावीक कामांतच चौदा वर्षांखालील मुलांना ठेवण्यास मनाई केली होती; साधी हॉटेले, धाबे आणि चहाची दुकाने त्या यादीत नव्हती. १० ऑक्टोबर २००६ पासून ती यादीत आली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात कामाला ठेवणे हा गुन्हा ठरला. कुटुंबाचा स्वतःचा व्यवसाय आणि कलाक्षेत्र एवढेच अपवाद, आणि तेही शाळेला बाध न येता. म्हणजे १९९५ मध्ये त्या हॉटेलाच्या मालकाने या कायद्याचा भंग केला होता असे आम्ही म्हणू शकत नाही. मालकाची बाजूही काही वेळा ऐकण्याजोगी असे. मुंबईच्या हॉटेलांत कामाला आलेली दक्षिण कानडा जिल्ह्यातील कित्येक मुले दिवसभर बश्या उचलून रात्री कन्नड रात्रशाळेत जात, आणि त्यांतली काही पुढे स्वतःच्या हॉटेलाच्या गल्ल्यावर बसली. परंतु आमचा पोऱ्या रात्रशाळेत जात होता काय? आम्हांस सांगता येत नाही, कारण आम्ही विचारले नाही. त्या हॉटेलात त्यानंतरही आम्ही कित्येक रविवार गेलो. त्याच्या हातावर कधी दोन रुपये ठेवले. त्या दोन रुपयांनी त्याला काय मिळाले ते तोच जाणे. आम्हांला मात्र न विचारण्याची सवलत मिळाली. एका रविवारी तो दिसला नाही. दुसराच एक पोऱ्या फडका घेऊन आला, आणि इडली पूर्वीसारखीच होती.

हे सांगण्यात आत्मनिंदेचा हेतू नाही. सांगायचे आहे ते इतकेच, की हॉटेलात मुले सर्वाधिक शिकतात ती आपल्या वागण्यातून, आणि त्यातही फडका घेऊन येणाऱ्या माणसाशी आपण कसे वागतो त्यातून. पदार्थाचे नाव, सुरी-काट्याचा उपयोग, हळू बोलण्याची रीत या गोष्टी मूल पुढे केव्हाही शिकेल. परंतु "ए, इकडे ये" आणि "भाऊ, जरा येता का?" यांतला फरक त्याच्या कानावर तिसऱ्या वर्षीच कोरला जातो. गल्ल्यावरील मालकाशी आपला आवाज एक आणि पाणी आणणाऱ्याशी दुसरा, हे मूल बरोबर टिपते. माणसामाणसांतली उतरंड शिकवण्यासाठी त्याला कोणत्याही पुस्तकाची गरज लागत नाही. एक रविवार पुरतो.

मग करावे काय? तीन वर्षांच्या मुलाने हॉटेलची फरशी पुसावी, असे आमचे म्हणणे नाही. तसे केल्याने काम करणाऱ्याची अडचणच वाढेल. परंतु टेबलावर पडलेली भाताची शिते मुलाच्या हाताने बशीत गोळा करून ठेवता येतात. सांडले हे लपवण्याऐवजी आपणहून सांगता येते. पुसणाऱ्याकडे पाहून, मुलाला ऐकू जाईल असे, दोन शब्द बोलता येतात. बिलाबरोबर येणाऱ्या बडीशेपेच्या बशीत ठेवलेले पैसे वेटरला मिळतात की पुसणाऱ्यालाही, याची चौकशी करता येते. आणि आजही एखाद्या ठिकाणी फडका धरणारा हात लहान दिसला, तर गप्प बसून इडली खाणे हा आपला हक्क नव्हे; मालकाला विचारावे, आणि उत्तर मिळत नसेल तर एक-शून्य-नऊ-आठ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर कळवावे.

यावर कोणी म्हणेल, की चार गोड शब्दांनी आणि चार शितांनी व्यवस्था बदलत नाही. ते खरे आहे. १९९५ मधील त्या मुलाला आमच्या आभारांची गरज नव्हती. त्याला शाळेची गरज होती. सौजन्य हा न्यायाचा पर्याय होऊ शकत नाही, आणि ज्यांना न्याय करायचा नसतो ते बहुधा सौजन्यावर भागवतात. तरीही आम्हांला वाटते, की ज्याच्याकडे आपण कधी पाहिलेच नाही त्याला न्याय मिळावा असे आपल्या मनात येणारच नाही. पाहणे पुरेसे नाही; पण सुरुवात तेथूनच होते. सहा वर्षांच्या मुलीने ती केली होती. आम्ही तिला थांबवले.

मोबाइलच्या त्या जेवणानंतर घरी परतल्यावर आम्ही मुलीला तिच्या प्रश्नाची आठवण दिली. तिला तो मुळीच आठवत नव्हता. आमचे उत्तर मात्र तिला आठवले. निदान ते वाक्य ओळखीचे वाटले. "हे तर मीही म्हणते," असे म्हणून ती काही वेळ गप्प राहिली.

काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा एकत्र जेवायला गेलो. या वेळी मोबाइल पिशवीत राहिला. नातवाने अपेक्षेप्रमाणे सर्व काही केले. चमचा तीनदा खाली टाकला, पाठीमागच्या टेबलावरील आजोबांशी लपाछपी खेळला, आणि शेवटी ताकाचा पेला लवंडला. मुलीने कागदी रुमाल त्याच्या हातात दिला आणि त्याचा हात धरून दोघांनी टेबलाचा तेवढा कोपरा पुसायला घेतला. पुसण्यापेक्षा पसरणेच अधिक झाले. तेवढ्यात तिशीतला एक कामगार फडका घेऊन आला. "रहने दीजिए दीदी, हम कर देंगे," तो म्हणाला. मुलीने त्याचे आभार मानले आणि गाव कोणते म्हणून विचारले. त्याने बिहारमधील एका जिल्ह्याचे नाव सांगितले. घरी मुलगा आहे, एवढाच, असे म्हणून त्याने हात नातवाच्या डोक्याच्या उंचीवर धरून दाखवला. त्याला शेवटचे पाहून अकरा महिने झाले होते.

मग त्याने खाली वाकून फरशीवरील ताक पुसले. आमचा नातू खुर्चीच्या कडेवरून ओणवा होऊन ते पाहत होता. त्याने काही विचारले नाही. अजून त्याला तितके बोलता येत नाही. परंतु एक-दोन वर्षांत तो विचारील. त्या वेळी त्याला काय सांगायचे, यावर आम्ही आणि आमची मुलगी अजून बोलत असतो. जुने उत्तर द्यायचे नाही, इतकेच आजवर ठरले आहे.